घरातले गुपित आणि दप्तरातले गुपित

गेल्या वर्षी एका परिसंवादात एका मान्यवर समीक्षकांनी, रहस्यकथाकार बाबूराव अर्नाळकरांच्या धनंजय-झुंजारांना जाता जाता एक टपली मारून, असा निवाडा दिला की खाजगी गुप्तहेराची कादंबरी ही मुळात अमेरिकेची आयात असून, तिच्यात हमखास आढळणारे कुळाचे गुपित, म्हणजे अनौरस संतती, बदललेले नाव, परागंदा झालेला बाप, हे वाचकाला रात्रभर जागवण्याचे एक साधन होय. टाळ्या पडल्या. आयर्लंडकडे एकवार दृष्टी टाकली असती तर त्या इतक्या स्वस्तात मिळाल्या नसत्या.

ब्रिटिश अमदानीत खबऱ्याविषयी जी घृणा त्या देशात मुरली, ती स्वराज्यानंतरही ओसरली नाही. म्हणून तेथे खाजगी गुप्तहेर रुजणे कठीण, हे केन ब्रूएनचा गॉलवेकर जॅक टेलर ‘द गार्ड्स’ (2001) मध्ये स्वतःच सांगतो. पोलिस दलातून बडतर्फ झालेल्या या मद्यपी गृहस्थाने सरकारी कोट तेवढा परत केलेला नाही, आणि खाते तो मागणारी पत्रे नेमाने धाडीत असते. ज्या खात्याला माणसाची नव्हे, कोटाची आठवण राहते, त्याच्या दारी कोणी फिर्याद घेऊन जावे? डेक्लन ह्यूजचा एड लॉय हा आईच्या अंत्यविधीसाठी लॉस एंजलिसहून डब्लिनला परततो आणि नाहीशा झालेल्या बापाच्या प्रकरणात गुंततो. त्याच्यावरील अमेरिकन गुप्तहेरकथाकार रॉस मॅकडोनल्डची छाया उघड आहे, आणि आयातीचा आरोप करावयाचाच तर तो येथे करावा.

परंतु समीक्षकांच्या ध्यानी न आलेली गोष्ट निराळीच आहे. पोलिस तपास करतात तो गुन्ह्याचा. जे कायद्याच्या आश्रयानेच घडले त्याचा तपास कोणी करावयाचा? जॉन बॅनव्हिल यांनी बेंजामिन ब्लॅक या नावाने लिहिलेल्या ‘क्रिस्टीन फॉल्स’ (2006) मधील क्वर्क हा पेशाने गुप्तहेर नव्हे, 1950 च्या दशकातील डब्लिनमधला शवचिकित्सक आहे. रात्री झोकांड्या खात तो शवागारात येतो, तो ज्या घराने त्याला वाढवले त्या घरचा डॉक्टर पुत्र त्याच्याच मेजाशी बसून एका मृत स्त्रीच्या कागदांत फेरफार करताना त्याला दिसतो. प्रेत नव्हे, दप्तर हेच या कादंबरीचे गुन्हास्थळ. आणि तेथून निघालेली वाट तान्ह्या मुलांना बोस्टनला पोचवणाऱ्या धर्मशील सज्जनांपर्यंत जाते. ही कल्पनेची चैन म्हणावी, तर 1940 च्या दशकाच्या अखेरीपासून 1970 च्या दशकाच्या आरंभापर्यंत दोन हजारांहून अधिक आयरिश मुले दत्तक म्हणून अमेरिकेस गेली, ती आयरिश सरकारच्या पारपत्रांवरच! दत्तकाचा कायदा मात्र 1952 साली झाला. अर्नाळकरांच्या कोणत्याही खलनायकाला इतकी शासकीय सोय लाभली नव्हती.

येथवर मी खाजगी गुप्तहेराची वकिली केली. पण ती निर्वेधपणे पुढे नेणे मला जमत नाही. ट्यूअम या आयरिश गावी अविवाहित मातांसाठी असलेल्या माता-बालक निवासात 1925 ते 1961 या काळात मेलेल्या 796 मुलांचे मृत्यूचे दाखले मिळवून, त्यांच्या दफनाची नोंद मात्र कोठेच नाही, हे दाखवून दिले ते कॅथरीन कॉर्लेस या स्थानिक इतिहासाचा छंद असलेल्या गृहिणीने. तिच्यापाशी ना सनद, ना पिस्तूल, ना मेहनताना देणारे अशील. आणि तिच्या शोधाअंती खलपुरुष म्हणून बोट दाखवावे असा एक माणूस निघाला नाही. निघाली ती नोंदणी करणारी, अनुदान देणारी आणि गप्प बसणारी एक संपूर्ण व्यवस्था. कादंबरीला शेवटच्या प्रकरणात एक बाप, एक न्यायाधीश, एक कुटुंब लागते. कोणाच्या तरी पदरात पाप घातल्यावाचून तिला मिटता येत नाही. कौटुंबिक गुपिताची खरी उणीव ही, आणि ती मनोरंजनाच्या तक्रारीहून फार गंभीर आहे.

मौज अशी की अशा निवासांसाठी नेमलेल्या सरकारी चौकशी आयोगालाही हाच साचा मोहवून गेला. जानेवारी 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालाने निवासांतील स्त्रियांना मिळालेल्या कठोर वागणुकीचा मुख्य दोष मुलांच्या बापांवर आणि त्या स्त्रियांच्या माहेरच्यांवर ठेवला. राज्यसंस्था व चर्च यांनी तिला साथ व मूक संमती दिली, असे म्हणून त्यांना दुय्यम आरोपींच्या बाकावर बसवले. कादंबरीकाराला निदान आपण कल्पित लिहीत आहोत याचे भान असते. आयोगाने सरकारी खर्चाने कुळाच्या गुपिताचीच गोष्ट लिहिली, आणि तीही क्वर्कइतकी अस्वस्थता अंगी नसताना. म्हणून या दोहोंत मी बॅनव्हिलला अधिक सत्यनिष्ठ समजतो.

कॉर्लेसबाईंचा लेख गावच्या इतिहास-मंडळाच्या नियतकालिकात 2012 साली छापून आला. ट्यूअमच्या निवासाच्या जागेचे पूर्ण उत्खनन जुलै 2025 मध्ये सुरू झाले.