तिचीही व्यसनमुक्ती

नवऱ्याची दारू बंद झाली की शेजारणी बायकोला म्हणतात, ‘आता तुला कसली गं काळजी!’ अंबरनाथच्या कारखान्यातली पाळी संपवून तो वेळेत घरी येतो, पगार तिच्या हातात देतो. तरी तिचा चेहरा ओढलेलाच. तो तसा का, हे शेजाऱ्यांना उमगत नाही आणि पुष्कळदा तिलाही सांगता येत नाही.

न्यूयॉर्कच्या लोइस विल्सन यांना ते एका बुटाने शिकवलं. लोइस आणि बिल यांचं लग्न १९१८ सालचं. त्यानंतरची सोळा-सतरा वर्षं लोइस नवऱ्याची दारू सोडवायला धडपडत राहिल्या, नोकरी करून घर चालवत राहिल्या. डिसेंबर १९३४मध्ये बिलने दारू सोडली आणि पुढच्याच वर्षी डॉ. बॉब स्मिथ यांच्या सोबतीने ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ हे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना सावरण्याचं संघटन सुरू केलं. इतक्या वर्षांचा नवस फळला, असंच कोणीही म्हणेल. पण एके दिवशी बिल सहज म्हणाला, ‘चल लवकर, मीटिंगला उशीर होईल’, आणि लोइसनी हातातला बूट त्याच्या दिशेने भिरकावला. आपल्याच संतापाचं त्यांना आश्चर्य वाटलं. शोध घेतल्यावर जे सापडलं ते त्यांनी पुढे मोकळेपणाने सांगितलं. इतकी वर्षं झिजूनही आपल्या प्रेमाला जे जमलं नाही, ते परक्या माणसांनी करून दाखवलं, हे त्यांना लागलं होतं. त्याला सांभाळणं हेच त्यांचं आयुष्य झालं होतं. तो सावरला आणि त्यांचे हात एकदम रिकामे झाले. मीटिंगला आलेल्या पुरुषांच्या बायकांचीही हीच अवस्था असल्याचं त्यांनी पाहिलं. त्यातून १९५१मध्ये कुटुंबीयांसाठी ‘अल-ॲनॉन’ उभं राहिलं.

नवरा-बायकोने मिळून व्यसनमुक्तीच्या चळवळीला काय द्यावं, याचं आपल्याकडचं मोठं उदाहरण पुण्याचं आहे. अनिल अवचट ‘गर्द’ या अमली पदार्थाच्या विळख्यातल्या मुलांवर लिहीत होते. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि नुसतं हळहळून न थांबता त्यांनी मदतीचा हात पुढे केला. मनोविकारतज्ज्ञ असलेल्या डॉ. सुनंदा अवचट यांनी काम अंगावर घेतलं आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याला ‘मुक्तांगण’ सुरू झालं. म्हणजे या कामाच्या मुळाशी दोन जोडपी आहेत. कॅन्सरशी झुंजत सुनंदाताईंनी ते वाढवलं. १९९७मध्ये त्या गेल्या. तिथे उपचाराला आलेल्याला ‘रुग्णमित्र’ म्हणतात, आणि बायकांसाठी ‘सहचरी’ नावाचा वेगळा गट चालतो. मला या गटाचं मोल फार वाटतं. नवऱ्यावर पाळत कशी ठेवायची हे शिकायला बायको तिथे जात नाही. ती स्वतःसाठी जाते.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या आपल्या पट्ट्यातही हे काम निगुतीने करणारी, स्वतः दारूच्या विळख्यातून बाहेर पडलेली जोडपी आहेत. त्यांची नावं इथे देणार नाही. नाव न सांगणं ही ‘ॲनॉनिमस’ चळवळीची शिस्तच आहे. एखाद्या घरातून निरोप येतो. दिवसभराचं काम, लोकलची गर्दी, सगळं आटोपून दोघं तिथे पोहोचतात. तो बाहेरच्या खोलीत पिणाऱ्याशी बोलतो, उपदेश करत नाही, फक्त आपली कहाणी सांगतो. ती स्वयंपाकघरात पिणाऱ्याच्या बायकोजवळ बसते. माझ्या मते अधिक अवघड काम आत चाललेलं असतं. कारण आतलं माणूस कित्येक वर्षांत कोणाशी खरं बोललेलं नसतं. त्याची दारू तुझ्यामुळे लागलेली नाही, हे तिला पहिल्यांदाच कोणीतरी सांगत असतं. बाटल्या शोधत बसू नकोस. साहेबांना फोन करून ‘त्यांना ताप आलाय’ असं सांगू नकोस. गुत्त्याची उधारी तू फेडू नकोस. आणि तू स्वतः जेव. हे सगळं सांगणारीने स्वतः भोगलेलं असतं, म्हणून ते पटतं. डॉक्टर हवेतच, अनेक वर्षं पिणाऱ्याची दारू एकदम तुटली तर जिवावर बेतू शकतं. पण हे बोलणं औषधाच्या चिठ्ठीवर लिहून देता येत नाही.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगायला हवी. घरात मारहाण होत असेल तर आधी तिची आणि मुलांची सुरक्षितता, नवऱ्याचं व्यसन नंतर. सहन करत राहिल्याने त्याची दारू सुटते, ही समजूत खोटी आहे, आणि ती अजूनही लेकींना माहेरून परत पाठवताना वापरली जाते. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. फोनला पैसे पडत नाहीत आणि घरच्या कोणीही तो करावा, पिणाऱ्यानेच करायला हवा असं नाही.

तुमच्या चाळीत, सोसायटीत असं एखादं घर असेलच. तिथल्या नवऱ्याची चौकशी करता तशी त्याच्या बायकोचीही करा. आणि तिच्या मीटिंगच्या दिवशी तिची मुलं तासभर आपल्या घरी बसवून घ्या.