मत : एक साक्ष, एक अमानत

राजेशाहीत प्रजेच्या हाती केवळ विनवणी असे. लोकशाहीत नागरिकाच्या हाती निवड असते. इंग्रजी अमलात मताधिकार मालमत्ता व शिक्षणाच्या अटींनी जखडलेला होता. 26 जानेवारी 1950 पासून अमलात आलेल्या राज्यघटनेने अनुच्छेद 326 द्वारे तो प्रत्येक प्रौढ नागरिकाला बहाल केला. कारखानदार असो वा हमाल, दोघांच्या मताचे मोल एकच. 1977 साली याच मताने विद्यमान पंतप्रधानांना त्यांच्या स्वतःच्या मतदारसंघात पराभूत केले.

तरीही ‘माझ्या एका मताने काय होणार?’ असे अनेक बांधव म्हणतात. राजस्थानातील नाथद्वारा येथे 2008 च्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष अवघ्या एका मताने हरले. पण असे प्रसंग विरळाच. म्हणून खरा प्रश्न निकालाचा नसून कर्तव्याचा आहे. निवाडा आपल्या हाती नाही, या सबबीवर साक्षीदाराला साक्ष टाळता येत नाही.

अनेक उलेमांनी मताला साक्ष मानले आहे. ‘हा उमेदवार या पदास पात्र आहे’ अशी ग्वाही मतदार देत असतो. दिव्य कुरआनने साक्ष लपविण्यास मनाई केली आहे (2:283). ती आप्तस्वकीयांच्या विरोधात जात असली तरी न्यायावर ठाम राहण्याचा आदेश दिला आहे (4:135). आणि अमानत तिच्या हक्कदाराकडेच सोपविण्यास बजावले आहे (4:58). मग नोटा घेऊन दिलेले मत ही विकलेली साक्ष नव्हे काय? केवळ आपल्या बिरादरीचा म्हणून अपात्र माणसाला दिलेले मत ही खोटी साक्ष नव्हे काय? उमेदवारांची संपत्ती, शिक्षण व गुन्हे यांची शपथपत्रे आज सर्वांना पाहता येतात. ती न पाहता मत देणे म्हणजे न पाहिलेल्या घटनेची साक्ष देणे होय.

कुणीच निर्दोष नसेल तर? तेव्हा उपलब्धांपैकी अधिक न्यायी व प्रामाणिक कोण, हे पारखावे. घरी बसल्याने अन्याय थांबत नाही. तो आपल्या साक्षीविना घडतो, एवढेच.

मतदान गुप्त असते, ते दुर्बलाला बलवंताच्या रोषापासून वाचविण्यासाठी. त्या पडद्याआड धनी, पुढारी, नातलग कुणीही डोकावू शकत नाही. परंतु अल्लाहपासून तेथेही काही लपत नाही. मतदाराचे सामर्थ्य आणि त्याचे उत्तरदायित्व त्या एका क्षणी एकत्र येतात. अल्लाह आपणा सर्वांना ही अमानत प्रामाणिकपणे पार पाडण्याची सुबुद्धी देवो. आमीन.