आधी कोणी वाकायचं?

पवित्र गुरुवारी संध्याकाळी कलबुर्गी-बीदरकडच्या कॅथलिक चर्चमध्ये फादर कमरेला टॉवेल बांधतात, गुडघे टेकतात आणि ओळीने बसलेल्या बारा जणांचे पाय धुतात. बीदरच्या मंगलपेठेत आणि आसपासच्या खेड्यांत मेथडिस्ट मंडळी रुजलेली आहे. योहानाच्या शुभवर्तमानातला हा प्रसंग तिथेही घरोघरी माहीत असतो. पण या दोन जिल्ह्यांतली कितीतरी ख्रिस्ती घरं दलित वस्त्यांमधून आलेली. त्यांच्या आजे-पणज्यांना वाकायला कोणी शिकवावं लागलं नाही. निजामाच्या राज्यात वेठ होती, गावकीची कामं होती, वाड्यासमोरून जाताना पायताण हातात घ्यावं लागत होतं. अशा माणसांना ‘नम्र व्हा, सेवा करा’ हे कोणत्या तोंडाने सांगायचं? ख्रिस्ती नम्रतेचा विचार या प्रश्नापासूनच सुरू करायला हवा, असं मला वाटतं.

मूळ प्रसंग नीट पाहिला तर उत्तर त्यातच आहे. त्या काळी पाय धुणं हे गुलामाचं काम होतं. येशूने ते हाती घेतलं तेव्हा पेत्राने आधी नकार दिला. गुरूच खाली बसला, तर मग वर-खाली या उतरंडीचं काय राहिलं? आणि येशूने शिष्यांना सांगितलं ते ‘माझे पाय धुवा’ असं नव्हे, तर एकमेकांचे धुवा असं. पौलानेही फिलिप्पैकरांना लिहिताना हेच पुढे ठेवलं: जो देवाच्या रूपाचा होता, त्याने दासाचं रूप घेतलं. म्हणजे वाकायचं ते वरच्याने. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या वाकवलं गेलं त्याच्यासाठी या गोष्टीचा अर्थ एकच, आता ऊठ.

पुढच्या काळात हा अर्थ कधी टिकला, कधी निसटला. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठाचे नियम घालून दिले, त्यात स्वयंपाकघराची पाळी सगळ्यांना लावली. आठवड्याची पाळी संपवणारा आणि नवी घेणारा, दोघांनी मिळून सगळ्यांचे पाय धुवायचे. मला हा नियम फार मोलाचा वाटतो, कारण यात नम्रता भावनेवर सोडलेली नाही. ती वारावर लावलेली आहे. पुढे राजेरजवाड्यांनी हा विधी उचलला. इंग्लंडची पहिली एलिझाबेथ आपल्या वयाच्या आकड्याइतक्या गरीब बायकांचे पाय धुवायची; पण राणीचा हात लागण्याआधी नोकरमाणसं ते पाय सुवासिक पाण्याने धुऊन ठेवत. विधी राहिला, गाभा गेला. पाय कोणाचे धुवायचे, हेही ठरलेलं होतं. कॅथलिक विधीच्या नियमात या बारा जणांत बायकांना जागा मिळायला २०१६ साल उजाडावं लागलं.

बीदर जिल्ह्याला हा विचार अगदीच परका नव्हता. बाराव्या शतकात कल्याणमध्ये, आजच्या बसवकल्याणात, बसवण्णांनी दासोह, म्हणजे दास होऊन केलेली सेवा, सांगितला. हरळय्या या चर्मकाराची कथा अजून तिथे सांगतात. त्याने ‘शरणू’ म्हटलं. राज्याच्या मंत्र्याने, बसवण्णांनी, उलट ‘शरणू शरणार्थी’ म्हणून त्याला दुप्पट नमस्कार केला. एका जास्तीच्या नमस्काराचं ओझं हरळय्याला झेपेना. इथेही वाकलं कोण, ते पाहावं.

ख्रिस्ती वाटेवर हीच खूण मला सर्वांत स्पष्ट दिसते ती पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात. त्यांचा जन्म १८५८ मध्ये कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात हे कुटुंब अन्नाला महाग झालं आणि आई-वडील गेले. आईचं प्रेत उचलायला माणसं पुरेनात, तेव्हा ठेंगण्या रमाबाईंनी तिरडीचा भार डोक्यावर घेतला. पुढे त्या दिवसांविषयी लिहिताना त्यांनी स्वतःच्या घराला सोडलं नाही. जातीचा आणि विद्येचा अभिमान आड आला, म्हणून खाली वाकून एखादा हातधंदा शिकणं जमलं नाही, असं त्यांनी स्पष्टपणे नोंदवलं. नम्रतेचा हा धडा त्यांना उपाशी पोटाने दिला होता.

१८७८ मध्ये संस्कृतच्या विद्येसाठी कलकत्त्याने त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये असताना वाँटेजच्या धर्मभगिनींनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅमला पाठवलं. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या बायकांची शुश्रूषा तिथे धर्मभगिनी मायेने करत होत्या. हे कशाच्या बळावर, असं रमाबाईंनी विचारलं, तेव्हा त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे केडगावला, रमाबाईंच्या मुक्तिसदन या आश्रमात, अशा स्त्रियांसाठी कृपासदन उभं राहिलं.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात जाऊन मुली घेऊन आल्या. १९०० च्या सुमारास मुक्तीत दीड हजार जणी होत्या. एवढ्या जणींना नुसतं जेवू घातलं असतं तर त्या कायमच्या ओशाळ्या राहिल्या असत्या. रमाबाईंनी त्यांना माग, शेती, शिवण, छपाई शिकवली. आल्या त्या मुलीच पुढे नव्याने आलेल्यांना सांभाळू लागल्या. एकमेकांचे पाय धुणं ते हेच.

केडगाव ज्या लोहमार्गावर आहे, तोच पुढे सोलापूरवरून गुलबर्ग्याला, म्हणजे आजच्या कलबुर्गीला, जातो. १९१२ मध्ये रमाबाईंनी तिथे, निजामाच्या मुलखात, ख्रिस्ती शाळा काढली आणि लेक मनोरमाबाई तिच्या मुख्याध्यापिका झाल्या. मुंबई विद्यापीठाची पदवी आणि अमेरिकेतलं शिक्षण घेतलेली ही बाई मोठ्या शहरात नाव काढू शकली असती. तिने आपली विद्या मागासलेल्या सीमाभागातल्या शाळेला दिली. पुढच्याच दशकात, १९२१ मध्ये, ती आईच्या आधी गेली.

रमाबाईंच्या हातात तेव्हा शेवटचं काम होतं. संस्कृतच्या या पंडितेने हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल मराठीत आणायला घेतलं होतं, आणि तेही साध्या, अल्पशिक्षित बाईला वाचता येईल अशा भाषेत. आपली सगळी विद्वत्ता त्यांनी त्या वाचणारीच्या खाली अंथरली. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. ते संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं, मुक्तीच्या छापखान्यातून, जिथे खिळे जुळवायला मुक्तीतल्या मुली शिकल्या होत्या.