न ओतलेलं पाणी

पोलादपूरच्या बाजूला एका वाडीतल्या पोरांना शाळेत जायला साकव ओलांडावा लागे. घाटावर पाऊस कोसळला की ओढा घटकेत चढे आणि पोरं पलीकडे अडकत. त्याच वाडीतली एक मुलगी कॉम्प्युटर शिकत होती. साकवाखाली पाण्यापर्यंतचं अंतर मोजणारा सेन्सर बसवायचा, पाणी खुणेच्या वर गेलं की शाळेवरचा भोंगा वाजवायचा, असं यंत्र तिने जुळवलं. घरी पिंपात पाणी ओतून, उपसून पाहिलं. भोंगा दरवेळी बरोबर वाजला.

तिचे मामा बांधकाम खात्यातून मुकादम म्हणून निवृत्त झालेले. ती म्हणाली, "मामा, कितीदा तरी बघितलं. एकदाही चुकलं नाही."

मामा म्हणाले, "महाडचा सावित्रीवरचा जुना पूल आठव. १९२८ सालचा, दगडी कमानींचा. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री पुरात गेला आणि दोन एसटी गाड्या माणसांसकट गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात त्याची पाहणी झाली होती, वाहतुकीला धोका नाही असं सांगितलं होतं. बघणाऱ्याला दोष दिसला नाही. पण दिसला नाही म्हणजे नाही, असं नसतं, बाय. तू पिंपात ओतलंस तेवढ्याच पाण्याचं तुला माहीत. जे ओतलं नाहीस त्याचं काय?"

मामा कॉम्प्युटर कधी शिकले नव्हते, पण डच शास्त्रज्ञ डायक्स्ट्रा साधारण १९७०च्या सुमारास जगाला हेच सांगत होते: चाचणीने चूक आहे हे कळतं, चूक नाही हे कळत नाही. त्यातूनच प्रोग्राम गणिताने सिद्ध करण्याची विद्या वाढली. आयआयटी मुंबईत या विद्येसाठी केंद्र निघालं. २००९ साली सिडनीत एसईएल-फोर या छोट्या कर्नलची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची, सिद्धता पुरी झाली. सी भाषेतल्या सुमारे ८,७०० ओळी, आणि त्यांच्या सिद्धतेला जवळजवळ दोन लाख. खटाटोप मोठा खरा, पण ज्यावर जीव टांगलेले असतात तिथे तो करायलाच हवा.

मुलीने प्रोग्राम असाच तपासणारं सीबीएमसी हे फुकट मिळणारं साधन घेतलं. त्याला एकच अट लिहून दिली: पाणी खुणेच्या वर असेल तर भोंगा वाजलाच पाहिजे. सेन्सरच्या माहितीपत्रकातली एक ओळही घातली, की पाणी अगदी जवळ आलं तर वाचन शून्य येतं. हे साधन पाणी ओतून बघत नाही. येऊ शकेल असं प्रत्येक वाचन ते हिशेबात धरतं.

त्याने एक प्रसंग काढून दाखवला. वीज गेली, परत आली, यंत्र नव्याने सुरू झालं. पाणी सेन्सरला टेकलेलं, वाचन शून्य. शून्य आलं तर मागचं वाचन धरायचं, असं तिनेच लिहिलेलं. मागचं काही नव्हतंच, तिथे तिने 'पाणी तळाला' ठेवलेलं. ऐन पुरात भोंगा गप्प!

पिंपात हे कधी घडलं नसतं. पण आपल्याकडे पूर आणि वीज जाणं एकाच रात्री येतं.

तिने नियम बदलला. शून्य म्हणजे 'माहीत नाही', आणि माहीत नसेल तेव्हा भोंगा वाजवायचा. मग सुरुवातीची कुठलीही स्थिती धरली तरी अट मोडणारा एकही प्रसंग साधनाला सापडेना.

"म्हणजे आता भोंगा वाजणारच?" मामांनी विचारलं.

"मी ज्या गोष्टी धरून चाललेय त्या खऱ्या असतील तर." तिने त्या कागदावर उतरवल्या: सेन्सर गाळाने माखलेला नाही, तार तुटलेली नाही, भोंग्याची बॅटरी भरलेली आहे. "या तीन गोष्टी प्रोग्राम सिद्ध करू शकत नाही, मामा. त्या माणसानेच बघायला हव्यात."

मामांनी कागद घडी करून खिशात घातला. मृगाच्या आधी दरवर्षी हे तपासायचं काम कुणाकडे द्यायचं, ते त्याच आठवड्यात ग्रामसभेत मांडायचं ठरलं.