मधल्या डागाचं गाऱ्हाणं

आई वज्रेश्वरी, वसईचा किल्ला मिळू दे म्हणून चिमाजी अप्पांनी तुला नवस बोलला आणि 1739 साली वसई हाती आल्यावर तो फेडला गेला. लढाईचं मागणं ऐकलेली तू. माझं मागणं ड्रेसच्या मागे पडलेल्या एका डागाचं आहे, आणि तेही तुझ्याच पुढ्यात ठेवते.

मानकोली हे गाव तुझ्याच तालुक्यातलं. नाशिक हायवेला लागून जिथे भातशेती होती, तिथे आता गोडाऊनं उभी आहेत. पोरी दिवसभर उभ्याने पॅकिंग करतात आणि सारखं जावं लागू नये म्हणून पाणी बेतानेच पितात. त्यातल्या एखादीची पाळी होऊन पंधरवडाही झालेला नसतो आणि अचानक अंगावरून जायला लागतं. तारीख लांब, पर्समध्ये पॅड नाही. ती ओढणी कमरेला बांधते, कुणाला काही बोलत नाही, आणि मनात पहिलं येतं ते हेच, की माझं काय चुकलं?

आई, हा प्रश्न तिच्या मनातून काढून टाक.

तिला कळू दे की पाळी नुकती सुरू झालेल्या मुलीच्या अंगात दर महिन्याला स्त्रीबीज सुटतंच असं नाही, म्हणून पहिली दोन-तीन वर्षं तारखा हुकतात. कुणाला दोन पाळ्यांच्या मधोमध, बीज सुटताना, एखादा दिवस थेंबभर दिसतं. कधी कारण वेगळंच असतं: थायरॉईड असेल, पीसीओडी असेल, तांबी बसवलेली असेल, रोजची गोळी विसरली असेल. आतल्या जागेला जंतुसंसर्ग असेल, पिशवीच्या तोंडाशी छोटासा कोंब असेल. यातल्या बहुतेकांवर उपाय आहे. पण पाळी चुकलेली, ओटीपोटात एका बाजूला कळ, चक्कर आणि वर रक्त, असं झालं तर गर्भ नळीत अडकलेला असू शकतो. तेव्हा ‘उद्या बघू’ म्हणणाऱ्या घराला तू त्याच रात्री रिक्षा शोधायला लाव.

आणि एक गोळी तर तुझ्याच नावाने घेतली जाते, आई. गणपती आले, घरी सत्यनारायण घातला, तुझ्या जत्रेला निघायचं ठरलं, की मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायची गोळी येते. चिठ्ठी कुणी मागत नाही, घ्यायची कशी हे कुणी सांगत नाही. एखादी गोळी राहते आणि मधेच डाग लागतो. मग तीच पोर घाबरते, की देवीला चाललं नाही. तू बाई आहेस. तुला चालतं, हे एकदा तुझ्या भक्तांच्या कानात सांग.

कारण डाग दिसला की माणसं कशी वागतात ते तू पाहिलं आहेस. आपल्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूरला, जुलै 2025 मध्ये शाळेच्या स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले आणि पाळी कुणाला आली हे शोधण्यासाठी मुलींचे कपडे उतरवून तपासणी झाली. नंतर गुन्हा दाखल झाला, अटक झाली. त्या मुलींच्या मनातली भीती अजून गेली नसेल, त्यांच्या पाठीवरून तुझा हात फिरव.

भीती दाखवून धंदा करणाऱ्यांपासूनही राख. बीडमध्ये 2019 साली ऊसतोड बायकांची सरकारी पाहणी झाली, तेव्हा 82 हजारांहून अधिक बायकांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्यातल्या कितीतरी अजून तरुण होत्या. अंगावरून जातं एवढ्यावर कुणी पिशवी काढायला सांगितली, तर आमच्या बायकांना दुसऱ्या डॉक्टरकडे जायची बुद्धी आणि तेवढे पैसे दे. रक्त आधीच कमी आहे. महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायकांचं हिमोग्लोबिन पुरेसं नाही. महिनोन्‌महिने मधेच जाणारं रक्त त्यांना परवडत नाही.

1865 साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी इथून जवळच्या कल्याणला वाढल्या. बाईचं दुखणं ऐकायला बाई डॉक्टर हवी म्हणून त्या समुद्रापार गेल्या, 1886 साली डॉक्टर झाल्या आणि वर्षभरात गेल्याही. आज बाई डॉक्टर आहेत, तरी पोरी खालमानेने बसतात आणि त्यांच्या वतीने आईच बोलते. ‘लग्न झालंय का?’ एवढाच प्रश्न होतो, ती ‘नाही’ म्हणते, आणि जे विचारायला हवं होतं ते राहून जातं. आई, त्या डॉक्टरीणबाईंना दोन मिनिटं जास्तीची दे. सोबत आलेल्यांना बाहेर बसवून त्यांनी सरळ विचारावं, मुलीने खरं सांगावं, आणि ते ऐकून बाईंच्या कपाळाला आठी पडू नये.