मळलेले दाणे कोणाचे?

दुसऱ्याच्या शेतातली कणसे कोणी नेऊन मळली, तर दाणे कोणाचे? रोमन कायद्यातला हा प्रश्न लहान दिसतो. पण कायद्याचा अर्थ एकदाच कायमचा ठरवून टाकता येतो का, या फार मोठ्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या पोटात आहे. तो तसा ठरवता येतो, असे सम्राट जस्टिनियनला ठामपणे वाटत होते. 530 साली त्याने विधिज्ञ ट्रायबोनियनकडे संकलनाचे काम सोपवले आणि तीन वर्षांत जुन्या विधिज्ञांचे सुमारे 2,000 ग्रंथ चाळून 50 भागांचा ‘डायजेस्ट’ सिद्ध झाला. तीस लाख ओळींच्या दीड लाख झाल्या, असे तो लागू करणाऱ्या फर्मानातच नमूद आहे. त्याच फर्मानात त्याने यावर भाष्य लिहायला मनाई केली. ग्रीकमध्ये शब्दशः भाषांतर आणि त्रोटक सूची एवढीच मुभा ठेवली. ग्रंथात कुठेही परस्परविरोध नाही, असेही त्याने जाहीर केले.

या आग्रहाला सबळ कारण होते, हे आधी मान्य केले पाहिजे. 426 सालच्या कायद्याने न्यायाधीशाला पापिनियन, पॉलस, गायस, उल्पियन आणि मोडेस्टिनस या पाच दिवंगत पंडितांची मते मोजायला लावली होती. समसमान पडली तर पापिनियनचे खरे. असा न्याय म्हणजे नुसती शिरगणती. दारात उभ्या असलेल्या फिर्यादीला एक निश्चित उत्तर हवे असते आणि ते मागण्याचा त्याला हक्कही आहे. म्हणून संहिता करणे मला न्यायाचेच काम वाटते. चूक झाली ती पुढे, तिचा अर्थही कुलूपबंद करू पाहण्यात.

आता कणसांकडे येऊ. परक्याच्या मालातून कोणी नवी वस्तू घडवली, तर ती मालाच्या धन्याची, असे जुन्या रोमन विधिज्ञांपैकी साबिनसचा संप्रदाय म्हणे. घडवणाऱ्याची, असे प्रोकुलसचा. जस्टिनियनने विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या ‘इन्स्टिट्यूट्स’मध्ये मधला मार्ग काढला. चांदीचा पेला वितळवून पुन्हा चांदी होते, म्हणून तो चांदीच्या धन्याचा. दारूची पुन्हा द्राक्षे होत नाहीत, म्हणून ती करणाऱ्याची. धान्यही तिथे दारूच्याच रांगेत बसवले आहे, म्हणजे दाणे मळणाऱ्याचे. पण डायजेस्टमधला गायसचा उतारा उलट सांगतो: दाणा कणसात पूर्ण तयारच होता, मळणाऱ्याने तो फक्त उघडा केला, तेव्हा दाणे शेतमालकाचे. दोन्ही पुस्तके 30 डिसेंबर 533 या एकाच दिवशी कायदा म्हणून लागू झाली.

कोणी म्हणेल, ही घाईतली नजरचूक. एक ओळ खोडली की प्रश्न मिटला. मला ते पटत नाही. एक नियम विचारतो, वस्तू मूळ रूपात परत जाईल का? दुसरा विचारतो, मुळात काही नवे घडले का? दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि कणसांपाशी येऊन ते एकमेकांना छेद देतात. खोडलेली ओळ कणसांपुरता निकाल देईल. उद्या शेंगा फोडणारा कोर्टात आला की तोच पेच पुन्हा उभा. नुसता निकाल पाठ केलेला विद्यार्थी तिथे मुका होतो, कारण ठाऊक असलेला पुढे जातो. ट्रायबोनियनच्या मंडळींनी मजकुरात बदल केले, पण प्रत्येक उताऱ्याच्या माथ्यावर विधिज्ञाचे आणि ग्रंथाचे नाव ठेवले आणि पुष्कळ ठिकाणी त्याचा युक्तिवादही राखला. माझ्या मते डायजेस्ट तरला तो यामुळेच.

मनाई टिकली नाही, याचा पुरावा तर संहिताकारांच्या वर्गातच आहे. ‘इन्स्टिट्यूट्स’ रचणाऱ्या दोन अध्यापकांपैकी एक थिओफिलस. त्याच्या नावावर असलेले त्याच पुस्तकाचे ग्रीक विवरण आजही उपलब्ध आहे: कारणे फोडून सांगणारे, उदाहरणे देणारे, शब्दशः भाषांतराच्या कितीतरी पलीकडे जाणारे. शिकवायला उभे राहिले की समजावून सांगावेच लागते आणि समजावणे हेच भाष्य. पुढे इटलीतल्या बोलोन्यात बाराव्या शतकापासून कायद्याचे अध्यापक या ग्रंथांच्या समासात टिपा लिहू लागले. तेराव्या शतकात त्यांच्यापैकीच अक्कुर्सियसने त्या एकत्र केल्या, तेव्हा जस्टिनियनच्या सगळ्या ग्रंथांवर मिळून त्या 90,000 हून अधिक भरल्या. त्या प्रतींमध्ये पानाच्या मधोमध सम्राटाचा मजकूर असतो आणि त्याच्या चारही बाजूंनी दाटीवाटीने भाष्य.