कट देणाऱ्यापर्यंत न पोचणारा कायदा

ऑगस्ट 2023 मध्ये ‘आयुष्मान भारत – प्रधानमंत्री जन आरोग्य योजने’वरचा नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल संसदेपुढे आला. जवळजवळ साडेसात लाख लाभार्थ्यांच्या नोंदींपुढे 9999999999 हा एकच मोबाइल क्रमांक होता. आधी मृत म्हणून नोंद झालेल्या 3,446 रुग्णांच्या नावावर पुन्हा उपचार दाखवले गेले होते आणि त्यापोटी 6.97 कोटी रुपये दिले गेले होते. लाभार्थ्याची ओळख पटवायला मोबाइल क्रमांक लागतच नाही, असा खुलासा सरकारने केला. तो मान्य केला तरी एक गोष्ट उरते. ही विसंगती सापडली, कारण पैसा सरकारचा होता, त्याची खातेवही होती आणि ती तपासणारा एक घटनात्मक अधिकारी होता. याच्या चार वर्षे आधी, 2019 मध्ये, बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि पाहणीत 82,309 महिलांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढल्याचे आढळले. यातल्या किती शस्त्रक्रिया खरोखर गरजेच्या होत्या, हे त्या आकड्यावरून ठरत नाही. पण तो आकडा मिळवायला घरोघरी जावे लागले, हे फार बोलके आहे. कोणत्याही वहीत तो नव्हता. पुष्कळशा बायकांनी खाजगी दवाखान्याचे बिल स्वतः भरले होते, अनेकींनी मुकादमाकडून उचल घेऊन भरले होते, आणि त्या बिलाची तपासणी करणे हे या राज्यात कोणाचेच काम नव्हते.

वैद्यकीय फसवणुकीविरुद्धच्या कायद्यांचा विचार इथूनच सुरू व्हायला हवा, असे मला वाटते. कायदा कडक आहे की सौम्य, ही चर्चा नंतरची. आधी विचारायचे ते हे, की कायदा कोणाच्या पैशाची फसवणूक ही फसवणूक मानतो आणि ती करणाऱ्यांपैकी कोणाकोणापर्यंत पोचतो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार 2021-22 मध्ये देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी 39.4 टक्के लोकांनी थेट खिशातून केला. 2013-14 मध्ये हे प्रमाण 64.2 टक्के होते. घट मोठी आणि स्वागतार्ह आहे, तरीही दहातले चार रुपये अजून असे आहेत की ज्यांच्यामागे ना विमा कंपनीचा तपासनीस उभा आहे, ना महालेखापरीक्षक.

या क्षेत्रातले सर्वांत प्रगल्भ कायदे अमेरिकेत आहेत आणि ते सारे सरकारी तिजोरीच्या रक्षणातून जन्मले. यादवी युद्धात सैन्याला निकृष्ट माल पुरवणाऱ्या कंत्राटदारांना वेसण घालण्यासाठी लिंकन यांच्या काळात, 1863 मध्ये, खोट्या दाव्यांविरुद्धचा कायदा झाला. सरकारची फसवणूक ठाऊक असलेला कोणीही नागरिक सरकारच्या वतीने दावा लावू शकतो आणि वसुलीतला वाटा घेऊ शकतो, ही त्यातली कळीची तरतूद. 1986 च्या दुरुस्तीने नुकसानीच्या तिप्पट वसुली आली आणि खबर देणाऱ्याचा वाटा साधारण 15 ते 30 टक्के ठरला. त्याआधीच, 1972 मध्ये, सरकारी योजनेतील रुग्ण पाठवण्यासाठी पैसे देणे आणि घेणे हे दोन्ही गुन्हे ठरले. 1989 मध्ये पीट स्टार्क या कॅलिफोर्नियाच्या लोकप्रतिनिधीच्या नावाने ओळखला जाणारा कायदा आला आणि डॉक्टरने स्वतःचा आर्थिक संबंध असलेल्या प्रयोगशाळेकडे असे रुग्ण पाठवण्यावर बंदी आली. 2010 मध्ये आणखी एक पाऊल पडले. कमिशनमधून उद्भवलेले बिल हे खोटेच बिल, असे कायद्यात लिहिले गेले. यामुळे एखादी तपासणी अनावश्यक होती का, रुग्णाला इजा झाली का, हा तज्ज्ञांच्या साक्षींमध्ये अडकणारा वाद बाजूला पडतो. रुग्ण मिळवण्यासाठी जाणूनबुजून पैसा हलला, एवढेच सिद्ध करायचे.

आपल्याकडे हे उलट आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारसंहितेतील कलम 6.4 रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन देण्याघेण्यास मनाई करते. नियम स्वच्छ आहे, पण तो फक्त नोंदणीकृत डॉक्टरला लागू. निदानकेंद्र चालवणारी कंपनी, साखळी रुग्णालय, दवाखान्यांतून पाकिटे पोचवणारा जनसंपर्क अधिकारी (पीआरओ), औषध कंपनी, यांपैकी कोणीही त्या नियमाच्या कक्षेत येत नाही. हे माझे अनुमान नाही. 2014 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात मॅक्स रुग्णालयाच्या प्रकरणात परिषदेनेच सांगितले, की आपला अधिकार डॉक्टरांपुरता आहे, रुग्णालयांवर तो चालत नाही. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे ॲपेक्स लॅबोरेटरीजचे प्रकरण आले. एका जीवनसत्त्वाच्या गोळीच्या प्रसारासाठी कंपनीने डॉक्टरांना दिलेल्या भेटींवर 4 कोटी 72 लाखांहून अधिक खर्च केला होता आणि तो व्यवसायखर्च म्हणून करातून वजा मागितला होता. घेणाऱ्याला जे निषिद्ध आहे ते देणाऱ्याला मोकळे कसे असेल, अशा विचाराने न्यायालयाने ती वजावट नाकारली. निकाल अत्यंत महत्त्वाचा आहे. पण त्यामुळे उघडे पडले ते हे, की लाच देणाऱ्या कंपनीला गाठायला देशाला प्राप्तिकर कायद्याचा आडमार्ग धरावा लागला. औषध कंपन्यांसाठी मार्च 2024 मध्ये नवी विपणन संहिता आली, पण तिच्याखालच्या तक्रारी ऐकणारी समिती कंपन्यांच्याच संघटनेची आहे.

महाराष्ट्राला हे उशिरा कळले असेही म्हणता येत नाही. विंचूदंशावरील संशोधनाने जगभर नाव झालेले महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांना, एका रुग्णाला तपासणीसाठी पाठवल्याबद्दल, निदानकेंद्राकडून 1,200 रुपयांचा धनादेश आला. त्यांनी वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. रोख पाकिटाऐवजी धनादेश देण्याइतकी ही प्रथा निर्धास्त होती, ही त्यातली मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट. डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी अनेक डॉक्टरांच्या मुलाखती घेऊन आतून दिसणारे हे चित्र मांडले. 2017 मध्ये राज्य सरकारने माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. कट प्रॅक्टिस, म्हणजे रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशनची ही देवघेव, रोखणाऱ्या कायद्याचा मसुदा तयार झाला, लोकांच्या सूचनांसाठी खुलाही झाला. त्याचा कायदा मात्र झाला नाही.

मसुद्याला झालेला विरोध सगळाच स्वार्थी होता असे मानणे अन्यायाचे होईल. वाडीवस्तीवरचा फॅमिली डॉक्टर रुग्णाला तपासतो, कुठे न्यायचे ते ठरवतो, रात्री-अपरात्री फोन करून खाट मिळवून देतो. या श्रमांचे मोल कोण देणार, हा प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर पावतीत आहे. ते शुल्क त्याने रुग्णाकडून उघड घ्यावे, रुग्णाला आकडा दिसावा. कट दिसत नाही, तो मोठ्या बिलात मिसळलेला असतो आणि तपासणीच्या किमतीबरोबर वाढत जातो. म्हणजे तो श्रमाचे मोल ठरत नाही, रुग्ण कुठे वळवला याची ती किंमत असते. तिचा फटका आधी रुग्णाला बसतो, मग शहरात नव्याने पाटी लावणाऱ्या त्या तज्ज्ञाला, जो कट देत नाही म्हणून ज्याच्याकडे कोणी रुग्ण पाठवत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कायदा आला की पाकिटाचे नाव बदलेल, ‘सल्लाशुल्क’ किंवा ‘शिबिराचा खर्च’ होईल. आणि अधिकाऱ्याच्या हाती डॉक्टरांना छळायचे नवे हत्यार येईल. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली नमुना अर्जातल्या त्रुटींवरून खटले भरले गेल्याची डॉक्टरांची तक्रार जुनी आहे आणि ती सरसकट झटकून टाकता येणार नाही. अमेरिकेतही स्टार्क कायद्याभोवती अपवादांचे असे जंगल वाढले, की कोणता करार वैध हे सांगायला वकिलांच्या फौजा लागतात. म्हणूनच मला एकट्यादुकट्या डॉक्टरला तुरुंगात धाडण्यावर भर देणारा कायदा नको वाटतो. भर द्यायचा तो पैसे देणाऱ्या संस्थेवर, दिवाणी दंडावर आणि नोंदणीवर. कट वाटणाऱ्या संस्था तुलनेने थोड्या, घेणारे हजारो. देणाऱ्याकडे हिशेब ठेवावाच लागतो, कारण कोणाला किती द्यायचे हे विसरून धंदा चालत नाही. नाव बदलले तरी ती यादी बदलत नाही.

ती यादी बाहेर येते ती धाड घालून क्वचितच, आतल्या माणसाकडून बहुधा. मिशिगनमध्ये गरज नसलेल्या रुग्णांना केमोथेरपी देणाऱ्या कर्करोगतज्ज्ञाला 2015 मध्ये 45 वर्षांची शिक्षा झाली, ते प्रकरण उघडकीस आणले त्याच्याच दवाखान्याच्या व्यवस्थापकाने. आपल्याकडे निदानकेंद्रातला लेखापाल, नोकरी सोडलेला पीआरओ किंवा परिचारिका अशी माहिती घेऊन जाईल तरी कोठे? त्यांच्या नोकरीला संरक्षण नाही, वसुलीत वाटा नाही. अमेरिकेच्या कायद्यातून उचलण्याजोगी गोष्ट हीच आहे. तिजोरीपुरती असलेली त्याची मर्यादा मात्र घेऊ नये. तिथेही 2018 मध्ये प्रयोगशाळा आणि व्यसनमुक्ती केंद्रांच्या बाबतीत कमिशनवरची बंदी खाजगी विम्यापर्यंत वाढवावी लागली. आपल्याला ती रुग्णाच्या खिशापर्यंत आणावी लागेल. कट देऊन मिळवलेल्या रुग्णाच्या बिलातला तो हिस्सा त्या रुग्णाला दामदुपटीने परत मिळावा, उपचार योग्य होता की अयोग्य हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर न टाकता.

यासाठी दिल्लीची वाट पाहायचे कारण नाही. रुग्णालये व दवाखाने हा राज्यसूचीतला विषय आहे. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायदा 1949 पासून अस्तित्वात आहे आणि 2021 च्या नियमांनी त्यात रुग्णहक्कांची सनद आली आहे. रुग्ण मिळवण्यासाठी कोणालाही कमिशन देणार नाही, ही नोंदणीची अट करता येते, ती मोडल्यास दंड आणि नोंदणीस स्थगिती ठेवता येते. निदानकेंद्रे आणि प्रयोगशाळा आज त्या कायद्याच्या व्याख्येत बसत नाहीत, कारण तिथे रुग्ण दाखल होत नाही. व्याख्या रुंद करून त्यांना आत घ्यावे लागेल, कारण कटाचा मोठा व्यवहार तिथेच चालतो. तक्रार ऐकणाऱ्या मंडळात डॉक्टर असावेत, पण केवळ डॉक्टर नसावेत. हिशेबतपासनीस आणि रुग्णांच्या संघटनांचे प्रतिनिधीही हवेत. 2017 चा मसुदा या दिशेने दुरुस्त करून विधिमंडळात मांडणे, हे एका अधिवेशनाचे काम आहे.